एक शब्दही कापायचा नाही

कारंज्यातल्या माझ्या दुकानात अजूनही लोक जुन्या कॅसेट घेऊन येतात. "डेक हाये का तुमच्याकडं?" असं विचारतात. मी "आहे" म्हणतो. चालतो का, हे त्यांना नंतर सुचतं. तोवर चहा आलेला असतो, म्हणून मग मी त्यांना तो कसा बंद पडला ते सांगतो. दुकानात गिऱ्हाईक असं बसून राहिलं की बाहेरून बरं दिसतं.

ज्यांच्या लग्नाचं शूटिंग मोबाईलवर झालं, त्यांना डेक म्हणजे काय ते कळणार नाही. आमच्या काळी कॅमेऱ्यात काड्यापेटीहून थोडी मोठी कॅसेट लागायची. चित्र डिजिटल, पण उतरायचं फितीवर. ते कंप्युटरमध्ये घेऊन कापायचं, जोडायचं, तर फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवावी लागे. तासाभराची फीत उतरायला तासच लागायचा. तिथे ओळख, वशिला काही चालत नसे. हे काम कॅमेऱ्यावरच केलं तर कॅमेऱ्याचं फीत वाचणारं हेड झिजायचं, म्हणून मी वेगळा डेक घेतला. जेवणाच्या डब्याएवढा होता. झाकण उघडलं की आत छोटा पडदा, खाली बटणं. बॅटरीवर चालायचा. भारनियमनात अख्ख्या गावाचे पंखे बंद असायचे आणि माझ्या मांडीवर मात्र लग्न लागत असायचं.

हा डबा घेऊन मी एस्टीने गावोगाव फिरलो. शूटिंग झालं की दुसऱ्या दिवशी मांडवातच घरच्यांना दाखवायचं, काय ठेवायचं आणि काय काढायचं ते विचारून घ्यायचं, अशी माझी पद्धत होती. माणसांना स्वतःच्या आयुष्यातलं काय काय काढून टाकावंसं वाटतं, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल.

किन्हीराजाच्या एका लग्नात मोठे जावई रुसून लिंबाखाली जाऊन बसले. कारण काय, तर कॅमेरा त्यांच्यावर आलाच नाही. सासरा गेला, सासू गेली, दोन साळे गेले, कोणी टोपी नेली, कोणी सरबत नेलं. जावई हलेनात. मी लांबून ते घेत होतोच, शेवटी जवळ गेलो आणि लाइट लावला. लाइट पडताच जावई असे हसले, जसं काही लग्न त्यांचंच आहे. दुसऱ्या दिवशी डेकवर सगळं बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, रुसल्याचं तेवढं काढून टाका. समजूत घातली, ते राहू द्या." मी तसंच केलं. आता त्या फिल्ममध्ये एक माणूस लिंबाखाली प्रसन्नपणे हसत बसलेला आहे आणि सहा जण त्याच्या हातापाया पडताहेत. घरात पूजा लावावी तशी ते ती फिल्म लावतात, असं ऐकतो.

धनजच्या एका गृहस्थांची मुलगी वर्षभरात माहेरी परत आली. ते फिल्म घेऊन आले. म्हणाले, "लग्न राहू द्या. नवरदेव काढा."

"अहो, तो प्रत्येक ठिकाणी तिच्या बाजूलाच उभा आहे."

"मंग तिलेही थोडी काढा. पंगतीचं राहू द्या, बँडचं राहू द्या. खर्च तं मीच केलता ना?"

मी काढला. त्या फिल्ममध्ये वाजंत्री आहे, जेवण आहे, दोन्हीकडचे पुढारी आहेत, आणि एक मुलगी माळ उंच धरून पुढे होते तेवढ्यात बासुंदी वाढायला सुरुवात होते. बाप खूश झाला. काही दिवसांनी ती मुलगी स्वतः आली. कॉलेजात पुन्हा नाव घातलं होतं म्हणे. हळदीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर ती पोट धरून हसली होती, तेवढाच तुकडा तिला पाहिजे होता. तो मी बापाच्या फिल्ममधून काढला होता, कारण मागे नवरदेवाचा भाऊ दिसत होता. मूळ टेप माझ्याकडे होती, म्हणून देता आला. मी टेप कधी फेकत नाही. तिने तो छोट्या पडद्यावर पाहिला आणि म्हणाली, "काका, मी अशी हसत होती?" मला त्या दिवशी आपला धंदा चांगला वाटला. असे दिवस या धंद्यात थोडेच येतात.

पुढे कंप्युटर बदलले. नव्या कंप्युटरला डेकची वायर लावायला जागाच नाही. जागा असलेला माझा जुना कंप्युटर एका उन्हाळ्यात कायमचा झोपला. त्यामुळे डेकवर आता कापता-जोडता काही येत नव्हतं, नुसतं लावून दाखवता येत होतं. हेडही म्हातारं झालं होतं. मध्येच चित्राचे चौकोन व्हायचे, माणसाचं नाक कानाजवळ जायचं. प्रत्येक वेळी टेप आत घालताना मी देवाचं नाव घ्यायचो. आणि नेमकं अशा वेळी सिंधूबाई दुकानात आल्या.

सिंधूबाई कारंज्याजवळच्या एका गावच्या. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून लग्नं होतात आणि मला बोलावतात. त्यांच्या मळ्यात मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, असते. भाजी सकाळी हर्राशीला, म्हणजे बाजारातल्या लिलावाला पोचली तर भाजी, नाहीतर गुरांचा चारा.

"भाऊ, तुमी आल्ते ना नानासायबाच्या कार्यक्रमाले शुटिंग कराले? मोठा लाइट घेऊन?"

"आलो असेन, बाई. कार्यक्रम खूप केले."

"असन नाई, होतेच. तुमची वायर माह्या डोक्यावरून गेल्ती. त्या दिवशी नानासायेब रस्त्याचं काय बोलले, ते तुमच्या डब्यात हाये का?"

हळूहळू भानगड कळली. नानासाहेब गावचे पुढारी. फार वर्षांपूर्वी गावात सभामंडपाचं उद्घाटन झालं, तेव्हा मंचावरून त्यांनी जाहीर केलं होतं की भाजीवाल्यांच्या मळ्यातून डांबरी रस्त्यापर्यंत जायला माझ्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून वाट देतो. वाट सुरू झाली, बैलबंड्या गेल्या, नंतर ॲटो गेले. लिहून कोणी घेतलं नाही. नानासाहेबांना लिहून मागायची छाती कोणाची होती? आता त्यांच्या मुलाने, राजूभाऊंनी, तिथे संत्रा लावला आणि वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप घातलं. भाजी नाल्यातून डोक्यावर न्यावी लागत होती आणि हर्रास संपल्यावर पोचत होती. तहसील हापिसात गेलं तर साहेब म्हणतात, जमीन खाजगी आहे, कागद दाखवा.

"नानांनाच का नाही सांगत?" मी विचारलं.

"ते कुठी बाहीर येते आता? कानानं आयकू येत नाई. अन् राजूभाऊचे लोकं वसरीच्या पुढं जाऊ देत नाईत. दोनदा गेली मी. पानी पाजलं अन् वापस धाडलं."

टेप सापडली. मी डेक उघडला, देवाचं नाव घेतलं आणि लावली. नानासाहेब आले, काळ्या मिशांसकट. आधी हारतुरे, मग पुन्हा हारतुरे, मग भाषण. भाषणाच्या शेवटी नाना माइकवर गरजले, "हा रस्ता आजपासून गावाचा! मी हाओ तवरोकच नाई, माह्या मांगंही! उद्या माह्या या पोरानं जरी इथं फाटक लावलं, तं ते फाटक तोडा अन् माह्या आंगनात आनून फेका!" आणि त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. हाफ चड्डीतले राजूभाऊ. तोंडात अख्खा पेढा. त्यांनी जोरजोरात मान हलवली.

सिंधूबाईंनी डोळ्याला पदर लावला, मग एकदम हसल्या. भाषण चालू असतानाच त्यांनी फोन काढून ते घ्यायचा प्रयत्न केला होता. छोट्या पडद्यावरची चमक तेवढी फोनात आली. आवाज तर विचारू नका.

"नाना तं मच्छरावानी बोलून राह्यले याच्यात," त्या म्हणाल्या. "हे हापिसात दाखवलं तं मलेच हाकलतीन. आखीन एकडाव लावता?"

मी त्यांना डेकची तब्येत समजावून सांगितली. पुन्हा लावला आणि याने टेप खाल्ली, तर आहे तेही जाईल. बाईंनी डेककडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "मंग नोका लावू," म्हणाल्या. "जपून ठेवा. काई तरी होईन."

झालं ते असं की आठवड्याभरात राजूभाऊंची पांढरी गाडी माझ्या दारात उभी राहिली. नानासाहेबांना पंचाहत्तर पुरी होत होती. अमृतमहोत्सव, मोठा मांडव, पाहुणे, सगळ्या गावाला जेवण. त्यात मोठ्या एलईडी पडद्यावर बाबांचं जुनं भाषण दाखवायचं, असं कोणीतरी सुचवलं होतं.

"तीन मिनिटं लावायचं. दमदार काय असन ते कापून घ्या."

"भाऊ, कापायचं यंत्र गेलं माझं. आहे तसं लावता येईल. कुठून कुठपर्यंत ते तुम्ही बसून सांगा. सगळं एकदा बघून घ्या."

हे मी मोठ्याने सांगितलं. दोनदा सांगितलं. राजूभाऊ बसले. पडद्यावर नानांना हार घालायला गाव रांगेत उभं होतं. एक हार, दुसरा हार. राजूभाऊंनी फोन पाहिला.

"फास्ट करा ना राजेहो."

"फास्ट केलं की नुसते चौकोन दिसतात."

आणखी हार आले. महिला मंडळाचा हार आला. राजूभाऊ उठले. "बस, बस. हे हारतुऱ्यायचं भारी हाये. भाषणाचे दोन शब्द झाले का मी हात वर करतो, तुमी बंद करा."

ज्या माणसाने दुसऱ्यांना नाल्यातून फिरवलं, त्याला बापाच्या भाषणाच्या शेवटापर्यंत बसवलं नाही. मी काय करणार? तासाची टेप तासच घेते.

दोन दिवसांनी मला नानासाहेबांच्या घरून बोलावणं आलं. म्हातारा पलंगावर तक्क्याला टेकून बसलेला, कानात मशीन, मिशा पांढऱ्या पण पीळ जुनाच. राजूभाऊ दारात उभे.

"पोट्टा म्हनते तीन मिनिटं," नाना म्हणाले. "माह्या भाषणाले तीन मिनिटं? एक शब्दही कापाचा नाई. कापला तं याद राख, मांडवातून हाकलीन."

"नाना, भाषण मोठं आहे."

"तवा लोकायनं आयकलं का नाई? आताही आयकतीन. जेवाले देऊन राह्यलो ना त्यायले!"

"तुम्ही काय बोलला होता, ते आठवतं?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मी चांगलंच बोलतो."

राजूभाऊ दारातून मला डोळ्यांनी खुणावत होते की हो म्हणा, मग बघू. मी हो म्हटलं. नानांच्या पाया पडलो. रस्त्याला लागल्यावर सिंधूबाईंना फोन केला आणि एवढंच सांगितलं, "जेवायला या. पुढे बसा."

कार्यक्रम सकाळी होता. एलईडीवाली पोरं बाहेरून आलेली. मी झोळीतून डेक काढला तसं एक जण म्हणाला, "काका, डबा आत्ताच उघडता? जेवण तर बारानंतर आहे." सगळे खिदळले. डेकची पिवळी वायर कुठे लावायची हेच त्यांना कळेना. एका जुन्या खोक्यातून त्यांनी कुठलासा जोड शोधून आणला, तेव्हा कुठे काम झालं. पाहुण्यांची भाषणं झाली. प्रत्येकाने नानांना दानशूर म्हटलं. कशाचं दान ते कोणीच सांगितलं नाही.

मग मी बटण दाबलं. मांडवभर काळ्या मिशांचे नाना उभे राहिले. लोक खूश. हार सुरू झाले, आपापले मेलेले काका-मामा ओळखून लोक ओरडायला लागले. भाषण सुरू झालं आणि राजूभाऊंनी हात वर केला. मी नानांकडे पाहिलं. नानांनी खुर्चीतून बोट नाचवलं, चालू दे. माझी पंचाईत अशी की हात मुलाचा आणि बोट बापाचं. मी चष्मा काढून पुसायला घेतला. राजूभाऊंनी दोन्ही हात वर केले. मागच्या लोकांना वाटलं टाळ्या वाजवायची खूण आहे, त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. राजूभाऊंनी हात जोरजोरात हलवले, टाळ्या आणखी वाढल्या. तेवढ्यात पडद्यावरचे नाना गरजले. रस्ता गावाचा. माह्या मांगंही. या पोरानं जरी फाटक लावलं, तं तोडा अन् माह्या आंगनात आनून फेका.

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांना काही कळलं नाही, मागच्यांना सगळं कळलं. पडद्यावर पेढा खाणारं पोर मान हलवत होतं आणि त्याच्या खालीच राजूभाऊ दोन्ही हात वर करून उभे होते.

त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवत होता, ते म्हणजे नानासाहेब. म्हाताऱ्याचा चेहरा उजळून निघाला होता. त्यांनी सूत्रसंचालकाच्या हातातला माइक ओढून घेतला.

"वा! काय बोललो हो मी! शेवटचं आखीन एकडाव लावा!"

टेप मागे न्यायची म्हणजे त्या म्हाताऱ्या डेकला डोंगर चढायला लावायचं. पण मांडव नानांचा, हुकूम नानांचा. मी बटण दाबलं. डेक कण्हायला लागला. आणि त्या वेळात, जो वेळ फास्ट करता येत नाही, त्या वेळात मांडवात एकेक फोन वर यायला लागला. पहिल्या वेळी सिंधूबाई सोडून कोणीच घेतलं नव्हतं, काय येणार आहे हे दुसऱ्या कोणाला माहीत होतं, आणि त्यांच्या फोनात नानांपेक्षा टाळ्याच जास्त आल्या होत्या. आता मळ्यातले भाजीवाले, त्यांच्या बायका, पोरं, एलईडीवाले, सगळ्यांचे हात वर. सिंधूबाई पुढच्या खुर्चीवर चढून उभ्या होत्या, फोन दोन्ही हातांत, निरांजन धरावं तसा.

दुसऱ्या वेळी नाना पहिल्यापेक्षा जोरात गरजले, असं मला वाटलं. "आंगनात आनून फेका" इथपर्यंत चित्र लख्ख आलं. पोराने मान हलवली. मग चौकोन, मग निळा पडदा, आणि डेकच्या पोटात कर्र असा आवाज. मी झाकण उघडलं तर फितीचा गुंता. माझा डेक गेला. मला रडू आलं. मांडवात कोणाचं लक्ष नव्हतं, म्हणून मी थोडं रडूनही घेतलं.

सगळ्यांचं लक्ष होतं सिंधूबाईंकडे. त्या खुर्चीवरूनच, नानांच्या कानातल्या मशीनमध्ये शिरेल एवढ्या जोराने ओरडल्या, "नाना, फाटक लागलं हाये! कुलूप हाये त्याले!"

नानांनी मशीन पिळलं. "कोनं लावलं?"

नाव घ्यायची गरजच नव्हती, अख्खा मांडव एकाच माणसाकडे पाहत होता. आता मला वाटलं होतं, म्हातारा गरिबांचा विचार करेल, भाजीचं नुकसान विचारेल. तसलं काही नाही. नानासाहेब थरथरत उठले आणि मुलाला म्हणाले, "अबे, माहं भाषण खोटं पाडतं तू? माहं भाषण?"

रस्ता मोकळा झाला तो असा. माणुसकी, न्याय, कायदा यांतलं कोणीही मदतीला आलं नाही. भाषण खोटं पडू नये, एवढ्यासाठी झाला. तरी झाला. सिंधूबाईंची मेथी आता हर्राशीला वेळेवर पोचते, आणि मेथीला कारणाशी काही देणंघेणं नसतं.

जेवणं झाली. बुंदी फार छान होती. हात धुऊन भाजीवाले थेट धुऱ्यावर गेले आणि नटबोल्ट खोलून फाटक उपसून काढलं. फाटक तिथेच बांधावर टाकता आलं असतं. पण नाही. पंधरा-वीस जणांनी ते खांद्यावर घेतलं, गावातून मिरवत आणलं आणि नानासाहेबांच्या अंगणात, शेणाने सारवलेल्या जागेवर, धाडकन टाकलं. भाषणात होतं तसंच.

दुसऱ्या दिवशी राजूभाऊ दुकानात आले. पांढरी गाडी लांब लावली होती. मग हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, त्याच्यातून ते शेवटचं तेवढं काढता येते का?"

मी डेकचं झाकण उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. आत फितीचा गुंता तसाच होता.

"माझ्याकडचं तर सगळंच निघालं, भाऊ," मी म्हणालो. "गावाच्या फोनमधलं तुम्ही एकेकाच्या घरी जाऊन काढा. वाट मोकळी आहे आता."